पागाचं शिसं

मालवणकडे खाडीकाठच्या जुन्या घरात एखादा तरी पाग खुंटीला टांगलेला सापडतोच, आणि पाग म्हटला की शिसं आलं. घेराला ओवलेल्या शिशाच्या गोळ्यांमुळे जाळं पाण्यावर गोल पडतं आणि झपकन तळाला जातं. गोळ्या खडकात अडकून तुटतात, वाळूत हरवतात. जाळं फाटलं तर उरलेल्या उतरवून, वितळवून नव्या पाडायच्या, ही इथली रीत. धाकट्या काकांच्या मागल्या पडवीत त्यासाठी तीन दगडांची वेगळी चूल होती. वर एक काळीठिक्कर लोखंडी कढई, हाताशी पळी, आणि गोळीला भोक राहावं म्हणून मधून सळई घातलेला दोन भागांचा साचा.

मी नोकरीची सगळी वर्षं बॅटरीच्या कारखान्यात काढली. शिशाच्या खात्यात घरचे कपडे घालून जायचं नाही, पाळी सुटली की साबण लावून अंघोळ, नखं घासायची, मगच घरचा सदरा. खात्यात चहा, विडी, तंबाखू बंद. ठरावीक काळाने रक्त तपासत आणि शिसं वाढलेलं दिसलं की माणसाला दुसऱ्या खात्यात हलवत. हे काही मालकाचे लाड नव्हते. 1948 च्या कारखाना कायद्यात कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांची यादी होती, तिची सुरुवातच शिशाच्या विषबाधेपासून व्हायची. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा तेच काम काका पडवीत बनियनवर करत होते. गालात तंबाखू, आणि दोन वर्षांचा नातू मागे रांगत.

मी काही बोललो की ठरलेलं उत्तर यायचं, "अरे, आमचो जल्म गेलो ह्यात. आमका काय झाला?"

काकांना भीती एकाच गोष्टीची होती, शिसं उडण्याची. ती भीती खरी आहे. शिसं 327 अंशांना वितळतं. त्यात पाण्याचा थेंब बुडाला तर क्षणात त्याची वाफ होते, ती हजारपटीहून जास्त जागा मागते आणि वरचं शिसं घेऊनच बाहेर पडते. एकदा साचा रात्रभर उघड्यावर राहिला होता, दवाने आतून ओलसर. शेजारच्या पोराने तो तसाच पुढे केला आणि काकांनी पळी ओतली. फट्‌ असा आवाज झाला, चांदीसारखे शिंतोडे कौलांपर्यंत गेले. पोराच्या मनगटावर एक चिकटला, तो काढताना कातडी निघाली. डोळा वाचला हे नशीब. तेव्हापासून साचा आणि पळी चुलीच्या कडेला तापवून घेतल्याशिवाय काका ओतत नसत. वितळलेल्या शिशात ओला तुकडा टाकायचा नाही हेही त्यांना पक्कं माहीत होतं. दुसरं एक सांगून ठेवतो: यासाठी अॅल्युमिनियमचं टोप कधी घेऊ नये. भाता लावलेल्या आगीवर ते बुडातून जाऊ शकतं आणि सगळं शिसं पायावर येतं.

पण जे उडतं ते निदान दिसतं. कढईतलं शिसं आधी आरशासारखं चकचकतं, मग त्यावर निळसर-करडी साय धरते, आग जास्त झाली की ती पिवळी पडते. ती साय म्हणजे शिशाचं ऑक्साइड. काका ती पळीने ओढून चुलीशेजारीच झटकायचे. लोक धुराला घाबरतात. पाचशे अंशांच्या पुढे तापवलं तर तोही घाबरण्यासारखाच असतो. मी मात्र या मळीला जास्त घाबरतो. ती वाळून पिठासारखी होते, केरसुणीने झाडली की हवेत जाते आणि जमिनीवर बसते, आणि रांगतं पोर जमिनीवरचा हात तोंडात घालतं. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार-पाच पट हिस्सा मुलाच्या अंगात मुरू शकतो. तिथून ते हाडांत साठतं आणि मेंदूच्या वाढीला धक्का देतं.

त्यात काकांनी भंगारवाल्याकडून जुन्या बॅटरीच्या प्लेटा आणायला सुरुवात केली. स्वस्त पडायच्या. जाळ्याच्या जुन्या गोळ्या निदान निव्वळ शिसं असतात. बॅटरीच्या प्लेटेवर शिशाच्या संयुगांचा भुसभुशीत लेप असतो, त्यात गंधकाम्ल मुरलेलं, जाळीत अँटिमनी, कधी आर्सेनिकही. ते घरच्या चुलीवर वितळवणं हा शुद्ध वेडेपणा. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारोय सूर मेर वस्तीत 2007-08 च्या काही महिन्यांत अठरा मुलं दगावली, ती बॅटऱ्या फोडून शिसं काढण्याच्या अशाच घरगुती धंद्यापायी.

नातवाचं पोट दुखायचं, शौचाला होत नसे, चेहरा पांढुरका. जंताचं औषध झालं, लोहाचं झालं. डॉक्टरांनी घरात काय काम चालतं विचारलं तेव्हा सुनेने पडवीतल्या चुलीचं सांगितलं. मुंबईला पाठवलेल्या रक्ताचा अहवाल आला, डेसिलिटरला वीस मायक्रोग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना पाचलाच शिशाचा उगम शोधून बंद करायला सांगते. इतक्या आकड्याला शिसं बाहेर काढणारी औषधं सहसा देत नाहीत. पोराला त्यापासून लांब ठेवणं हाच उपचार, जोडीला लोह आणि कॅल्शियम मिळेल असा आहार.

त्याच संध्याकाळी सुनेने ओल्या फडक्याने पडवी पुसली. मी बघत होतो, बादलीतलं पाणी दरवेळी करडं निघायचं. कोरडी केरसुणी तिने पडवीत येऊ दिली नाही. कढई, साचा, चुलीचे दगड सगळं बाहेर गेलं. सासऱ्यांना तिने एवढंच सांगितलं, "मामंजी, जाळा नाय लावलास तरी चालात." काका त्यावर काही बोलले नाहीत. काही महिन्यांनी नातवाचा आकडा उतरला, अजून पूर्ण खाली आलेला नाही.

काका आता तयार गोळ्या बाजारातून आणतात. घरी पाडण्यापेक्षा महाग पडतात म्हणून कुरकुरतात, ते खरंही आहे. ज्यांना पाडायच्याच असतील त्यांनी घरापासून लांब, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून पाडाव्यात. चष्मा, पूर्ण बाह्या, बूट घालावेत, मळी झाकणाच्या डब्यात भरावी आणि ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. तोंडाला बांधलेला रुमाल शिशाची धूळ अडवत नाही. जुनी बॅटरी फोडू नका, नवी घेताना दुकानदाराला परत द्या. आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर शिसं वितळवूच नका, गोळ्या विकत आणा.