बिनपाण्याची

जर्मन भाषेला लांबलचक शब्दांचा सोस आहे हे तुम्ही ऐकलं असेलच. एकेक शब्द पनवेलला सुरू होतो आणि लोणावळ्याला संपतो. पण माझा सगळ्यात आवडता जर्मन शब्द अगदी आखूड आहे: 'फेअरिस'. मूळ क्रियापद फाडण्याचं. पुस्तकाची, नाटकाची किंवा मैफलीची छापील चिरफाड केली, की तो झाला फेअरिस. मार्सेल राइश-रानिकी नावाच्या इथल्या नामांकित समीक्षकाने १९७० साली आपल्या अशा लेखांचं आख्खं पुस्तकच काढलं आणि नावातही हाच शब्द मिरवला. १९९५ साली तर 'श्पीगल' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो गुंटर ग्रासची नवी कादंबरी हाताने टराटरा फाडतोय असं चित्र होतं. आपल्याकडे याला जवळचा शब्द म्हणजे 'बिनपाण्याने करणे'. अत्र्यांचे लेख वाचत मोठ्या झालेल्या पिढीला तो समजावून सांगायला नको.

मी २००१ साली म्युनिकला आलो. नोकरी यंत्रांची, राहणं एका खोलीत, आणि रविवारी सगळी दुकानं कडेकोट बंद. माणसाने करावं काय? शनिवारी मारिएनप्लाट्झवर लुडविग बेक नावाच्या मोठ्या कपड्यांच्या दुकानात वर चढून जायचो. तिथे अभिजात संगीताच्या तबकड्यांचा एवढा मोठा विभाग होता, की सदरे घ्यायला आलेला माणूस शूबर्ट घेऊन बाहेर पडावा. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बेथोव्हेनची पाचवी सिंफनी घ्यावी म्हटलं, तर समोर डझनावारी पाचव्या! मिरजेच्या माणसाला हा प्रकारच नवा. आपल्याकडे यमन प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि तो तसा असावा अशीच अपेक्षा असते. इथे सूर न् सूर दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला, आणि तरी शंभर जणांनी तो पुन्हा वाजवायचा. मग कुठली घ्यायची? म्हणून समीक्षा वाचायला लागलो.

आणि मंडळी, संगीत राहिलं बाजूला, समीक्षेचीच चटक लागली.

सूर तेच असल्यामुळे समीक्षकाला कीस काढायला रान मोकळं मिळतं. अमक्याने दुसरा भाग तमक्यापेक्षा दीड मिनिट लांबवला, याचा हिशेब तो वाण्यासारखा मांडतो. वाचणाऱ्यालाही घरी दोन्ही तबकड्या लावून पडताळा घेता येतो. शिवाय कलाकारही असे, की समीक्षकाची लेखणी आपोआप शिवशिवावी. ग्लेन गूल्ड हा कॅनडाचा अफाट पियानोवादक. वाजवताना गुणगुणायचा आणि ते गुणगुणणंही तबकडीवर उतरायचं. मोझार्ट अकाली नाही, उलट जरा उशिराच गेला, असं या गृहस्थांचं जाहीर मत. आणि तरीही याने त्याच मोझार्टच्या सगळ्या सोनाटा ध्वनिमुद्रित केल्या! त्यावर समीक्षकांनी काय काय लिहिलं असेल, कल्पना करा.

आमच्या म्युनिकचा नमुना म्हणजे सर्जू चेलिबिदाके. १९७९ पासून १९९६ मध्ये मरेपर्यंत इथल्या फिलहार्मोनिकचा सूत्रधार. त्याला ध्वनिमुद्रणाचा भयंकर तिटकारा. तबकडी ऐकणं म्हणजे नटीच्या फोटोबरोबर शेज करणं, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणायचा म्हणे. तो गेल्यावर मुलाच्या संमतीने त्याच्या मैफलींच्या तबकड्या निघाल्याच. त्यात ब्रुकनरची आठवी सिंफनी आहे. इतर लोक ती साधारण ऐंशी मिनिटांत आटपतात, याची शंभराच्या वर जाते. एका पंथाला त्यात समाधी लागते, दुसऱ्याला डुलकी. दोन्ही बाजूंचे लेख मी चहाबरोबर वाचलेले आहेत. (मला स्वतःला पहिल्या वेळी डुलकी लागली होती आणि तिसऱ्या वेळी डोळ्यांत पाणी आलं होतं. यावर लेख लिहिता येत नाही.)

इथे एक गंमत सांगितली पाहिजे. जर्मनीत नोकरी सोडताना साहेबाकडून लेखी प्रशस्तिपत्र मिळणं हा तुमचा कायदेशीर हक्क आहे, आणि ते पुढच्या वाटेत काटे पेरणारं असता कामा नये असाही दंडक आहे. त्यामुळे शिव्या गोड शब्दांत घालाव्या लागतात. 'यांनी प्रयत्न केले' असं लिहिलं, की समजायचं गडी अगदी टाकाऊ. उत्तम माणसासाठी 'पूर्ण समाधान' पुरत नाही, 'पूर्णतम' लागतं, मग भले व्याकरणाने डोकं आपटून घ्यावं. दिवसभर कचेरीत ही साखरेत घोळलेली भाषा वाचल्यावर संध्याकाळी कोणीतरी सरळ लिहिलेलं असतं की या बाईंनी शूबर्टचा खून केला. काय मोकळं वाटतं म्हणून सांगू!

या परंपरेतला सगळ्यात प्रसिद्ध टोला म्युनिकमध्येच हाणला गेला, आणि तो समीक्षकाने नाही, ज्याची चिरफाड झाली त्याने. माक्स रेगर हा संगीतकार १९०१ ते १९०७ इथे राहत होता. १९०६ साली त्याच्या 'सिंफोनिएटा'वर रुडॉल्फ लुई या समीक्षकाने इथल्या वर्तमानपत्रात तोंडसुख घेतलं. रेगरने त्याला उत्तर धाडलं. आशय असा, की मी सध्या घरातल्या सगळ्यात लहान खोलीत बसलो आहे, आपला लेख माझ्या पुढ्यात आहे, लवकरच तो माझ्या मागे असेल. आज रुडॉल्फ लुई लोकांना माहीत आहे तो बहुतेक त्या लहान खोलीमुळेच.

हा किस्सा मी पहिल्यांदा अण्णांना फोनवर सांगितला तेव्हा ते इतके हसले की आईने मागून विचारलं, "काय झालं?"

अण्णा म्हणजे माझे वडील. मिरजेत शाळामास्तर होते. पाश्चात्त्य संगीताशी त्यांचा संबंध लग्नातल्या बँडपुरता. पण दर रविवारी मी फोन केला, की तब्येतीची चौकशी होते न होते तोच विचारायचे, "काय रे, या आठवड्यात कुणाची बिनपाण्याने झाली?" मग मी ताज्यातला ताजा फेअरिस मराठीत करून ऐकवायचो. ना ब्राम्स कोण हे त्यांना माहीत, ना वाजवणारा कोण. पण शिवी कुठल्या जागेवर बसली हे त्यांना बरोबर कळायचं. तेही काही कच्चे नव्हते. केशवराव भोळे 'एकलव्य' या नावाने भल्याभल्या गवयांवर भीडभाड न ठेवता लिहीत. ते 'आजचे प्रसिद्ध गायक' अण्णांनी खरे मंदिराच्या वाचनालयातून इतक्यांदा आणलं होतं, की ग्रंथपाल म्हणे, मास्तर, तुमच्याच घरी राहू दे.

२००७ च्या सप्टेंबरात आईअण्णा इथे आले. त्या शनिवारी ऑक्टोबरफेस्ट सुरू झाला होता (तो सप्टेंबरातच सुरू होतो, विचारू नका) आणि संध्याकाळी आम्हा चार-पाच मराठी कुटुंबांचा गणपती एका मित्राकडे होता. आरती झाली, खिरापत झाली, आणि कोणीतरी म्हणालं, "अण्णा, होऊन जाऊ दे." अण्णांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत. वय सदुसष्ट, पेटी नाही, तबला नाही. 'स्वयंवर'मधलं एक पद त्यांनी म्हटलं. गावात नवरात्राच्या उत्सवात रात्र रात्र बसून कान तयार झालेला, गळा मात्र मास्तरकीत गेलेला. वरच्या षड्जापाशी आवाज चिरकला. त्यांनी पुन्हा घेतला, पुन्हा चिरकला.

परतताना भुयारी गाडीत चामड्याच्या चड्ड्या घातलेले, बिअर पिऊन तर्र झालेले लोक दाटीवाटीने उभे होते. आमचा घोळकाही सोबत होता. आणि मला सुचलं. सुचलं म्हणजे काय, सहा वर्षं रोज तेच वाचत होतो. मी म्हटलं, "अण्णा, स्वयंवर दणक्यात झालं, पण वरच्या षड्जाने काही तुम्हाला माळ घातली नाही!"

सगळे हसले. फार हसले. आईसुद्धा जरा हसली. अण्णांनी खिडकीबाहेर पाहिलं, पण भुयारात बाहेर काही दिसत नाही.

घरी आल्यावर झोपायच्या आधी ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले. मी भांडी आवरत होतो. म्हणाले, "कोटी चांगली होती हो." मग पेला विसळून पालथा घालत म्हणाले, "भोळे लिहायचे ते काही कमी नव्हतं. पण त्यांना स्वतःला चाल बांधता येत होती. प्रभातचा 'तुकाराम', 'कुंकू', त्यांचंच संगीत. आणि घरात ज्योत्स्नाबाई गात होत्या. दुसऱ्याच्या गाण्यावर लिहून घरी गाणाऱ्या माणसासमोर जेवायला बसायचं, म्हणजे लेखणी आपोआप ताळ्यावर राहत असेल." एवढं बोलून झोपायला गेले.

पुढे रविवारचे फोन चालूच राहिले. हवा, रक्तदाब, आंब्याचे भाव. कुणाची बिनपाण्याने झाली हे मात्र त्यांनी विचारलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही, सांगायला हवं होतं की नको हे मला अजून ठरवता येत नाही. २०१४ साली अण्णा गेले.

समीक्षा मी अजून वाचतो, खोटं कशाला बोलू? चांगला फेअरिस मिळाला की अजूनही एकटाच खदखदून हसतो.

गेल्या हिवाळ्यात जुनी हार्ड डिस्क रिकामी करताना एक फाईल सापडली. त्या गणपतीला मित्राने मोबाईलवर मुद्रित करून पाठवली होती आणि मी कधी उघडलीच नव्हती. पाच मिनिटं काही सेकंदांची. ध्वनिमुद्रण खराब आहे, कोणाचं तरी बाळ मध्येच रडतं, ताटल्या वाजतात. षड्ज चिरकतो, दोन्ही वेळा. पण त्याच्या आधी, अंतऱ्यात शिरताना, ते एक छोटीशी हरकत घेतात ती इतकी अलगद आहे की मी ती सात-आठ वेळा मागे नेऊन ऐकली. त्या रात्री तिथे बसून मला ती ऐकू आली नव्हती. मी वर काय होणार याची वाट पाहत होतो.

पद संपतं, टाळ्या होतात. टाळ्या विरताना अण्णांचा आवाज येतो, हळू, माझ्या बाजूला वळून विचारल्यासारखा: "बरं झालं का रे?"

तिथे मुद्रण थांबतं.