पाठीवरचे बिऱ्हाड

पेरू देशाच्या प्रवासाला निघण्यापूर्वी आम्ही उभयतांनी दिल्लीच्या लोदी बागेत महिनाभर पाठीवर ओझे घेऊन चालण्याचा सराव केला होता. पण दिल्ली जेमतेम सव्वादोनशे मीटर उंचीवर, आणि अँडीज पर्वतातील कुस्को नगरी ३,४०० मीटरांवर! तेथील विरळ हवेत पहिल्याच चढणीला सौ.ला धाप लागली, मस्तक ठणकू लागले. मी मात्र ठरल्या दिवशीच, त्याहूनही उंच अशा टिटिकाका सरोवराकडे निघण्याचा हेका धरला.

"तुम्ही व्हा पुढे; मी येथेच थांबते," ती शांतपणे म्हणाली. मी ओशाळलो.

सायंकाळी घरमालकीणबाईंनी वाफाळते बटाटे पुढे ठेवले. बटाट्याचे माहेर याच पर्वतराजीत; आपण त्याचे नाव पोर्तुगीजांकडून घेतले आणि त्याला उपवासाच्या ताटात मानाने बसविले.

"आज एकादशी वाटते!" सौ. हसली, आणि माझ्या जिवात जीव आला.

तीन दिवस आम्ही कुस्कोतच विसावलो. उंचीची सवय शरीराला सावकाशच होते. मग ३,८०० मीटरांवरील ते निळे पाणी दोघांनी मिळून पाहिले. जोडीने चालायचे, तर दमलेल्याच्या पावलाने चालावे, हे मला तेथे उमगले.