हरलेल्यांची बाजू

मनुष्याच्या रागाचे अनेक प्रकार शास्त्रकारांनी वर्णिले आहेत. परंतु आपला फुटबॉल-संघ ऐन मोक्याच्या सामन्यात हरल्यावर जो राग येतो, त्याची गणना त्यांत कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही. हा राग मोठा चमत्कारिक असतो. ज्याला तो येतो, त्याने चेंडूला पायही लावलेला नसतो. त्याचे पैचे नुकसानही झालेले नसते. कारण तिकिटाचे पैसे संघ जिंकला असता तरी गेलेच असते. असे असूनही तो घरी येतो तो भरल्या ताटावरून उठतो, मुलांवर खेकसतो आणि रात्री उशिरापर्यंत अंथरुणात पडल्या पडल्या तोच चेंडू पुन्हा पुन्हा मारीत राहतो.

आम्हां गोवेकरांस या रागाचा परिचय करून देण्याचे कारण नाही. १८८३ साली शिवोलीस एका आयरिश पाद्र्याने येथे फुटबॉल आणला असे सांगतात. तेव्हापासून शेतातले भात कापून होताच त्याच शेतात चेंडू उडवायचा, हा आमच्या गावोगावचा रिवाज. संतोष चषक गोव्याने अनेकदा जिंकला. ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारखा गोलरक्षक गोव्याने देशाला दिला आणि २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. ज्या भूमीत खेळ इतका मुरला आहे, तेथे पराभवही तितकाच खोल जातो.

२० डिसेंबर २०१५ चा रविवार घ्या. आदल्याच दिवशी गोवा मुक्तिदिन साजरा झालेला. फातोर्ड्याच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना. एका बाजूस एफ.सी. गोवा, दुसरीस चेन्नई. मैदान आपले, माणसे आपली. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला गोव्याने दुसरा गोल केला आणि २-१ अशी आघाडी घेतली. तीन मिनिटांचाच काय तो प्रश्न उरला होता. पण नव्वदाव्या मिनिटाला चेंडू गोव्याच्याच गोलरक्षकाकडून स्वतःच्या जाळ्यात गेला आणि भरपाईच्या वेळेत चेन्नईने तिसरा गोल केला. ३-२! मघापर्यंत गर्जणारे मैदान असे चिडीचूप झाले की, चेन्नईच्या खेळाडूंचा जल्लोष तेवढा ऐकू यावा.

भाषेचे शिक्षक म्हणून आमचे लक्ष अशा वेळी एका गोष्टीकडे हटकून जाते, ती म्हणजे सर्वनाम. संघ जिंकला की, अवघा गाव आमच्या कोंकणीत म्हणतो, ‘आमी जिखले!’ यांत पानवाला, बसचा कंडक्टर, मासळी विकणारी बाई, सारे ‘आमी’त येतात. संघ हरला की, तीच तोंडे म्हणतात, ‘तांणी घालयली!’ म्हणजे त्यांनी सामना घालवला. एका रात्रीत प्रथम पुरुषाचा तृतीय पुरुष होतो. व्याकरणात असा कोणताही नियम नाही. तो मनुष्यस्वभावाचा आहे. यशाचे वाटेकरी सगळेच, अपयश मात्र कोणा एकाच्या नावावर चढवावयाचे.

त्या सोमवारी आमच्या वर्गात हेच चालले होते. तो गोलरक्षक कसा निकामी, त्याला संघात घेतलेच कसे, याची चर्चा बाकाबाकावर रंगली होती. त्याच सामन्यात त्याने पेनल्टीचा फटका अडविला होता, याची आठवण कोणालाच राहिली नव्हती. आम्ही ती करून द्यावी म्हणून खडू खाली ठेवला, तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. तो शाळेच्या संघात गोल सांभाळीत असे. तो म्हणाला, “सर, गोलकीपराच्या फाटल्यान कोणूच नासता. फकत जाळें आसता.” त्याच्यामागे कोणीच नसते, नुसते जाळे असते! पुढच्या फळीतल्याची चूक मागचे दहाजण झाकू शकतात. गोलरक्षकाची चूक झाकावयास कोणी उरतच नाही. वर्ग क्षणभर शांत झाला. आमच्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानाने जे झाले नसते, ते त्याच्या दोन वाक्यांनी झाले.

हा राग कोठवर जाऊ शकतो, हे दूरच्या देशांनी पाहिले आहे. १९५० साली विश्वचषकाच्या निर्णायक सामन्यात ब्राझील स्वतःच्याच मारकाना मैदानावर उरुग्वेकडून २-१ असा हरला. त्याचा दोष गोलरक्षक बार्बोसा यांच्या माथी आला आणि २००० साली ते वारले तोवर तो पुसला गेला नाही. १९९४ च्या विश्वचषकात कोलंबियाच्या आन्द्रेस एस्कोबार यांच्या पायाला लागून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. मायदेशी परतल्यावर थोड्याच दिवसांत मेदेयिन शहरात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मारेकऱ्यांनी त्या गोलाचा उल्लेख करून त्यांना हिणविल्याचे सांगतात. वय अवघे सत्तावीस वर्षांचे! एक चेंडू रेषेपार जातो काय आणि एका तरुणाच्या आयुष्याची रेषाच पुसली जाते काय!

याचा अर्थ रागावूच नये असा मात्र नव्हे. ज्याला पराभव लागत नाही, त्याचे संघावर प्रेमच नाही. डावपेच चुकले, बचाव ढिला पडला, शेवटच्या मिनिटांत एकाग्रता सुटली, हे बोलण्याचा प्रेक्षकाला पूर्ण अधिकार आहे; ते स्पष्ट बोललेच पाहिजे. पण खेळाची चिकित्सा निराळी आणि खेळाडूची निर्भर्त्सना निराळी. पहिलीतून संघ सुधारतो. दुसरीतून फक्त बोलणाऱ्याचा घसा मोकळा होतो.

आणि पराभव काही एकदाच येऊन जात नाहीत. २०१९ साली गोव्याचा संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला आणि मुंबईच्या मैदानावर जादा वेळेत बंगळूरच्या एकमेव गोलाने हरला. २४ एप्रिल २०२४ रोजी उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात फातोर्ड्यालाच गोवा मुंबईविरुद्ध नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० असा पुढे होता. अखेरच्या काही मिनिटांत मुंबईने तीन गोल केले. आठ वर्षांपूर्वीची जखम त्याच जागी पुन्हा उघडली. परंतु पुढच्या हंगामात फातोर्ड्याच्या वाटेवर पुन्हा तीच गर्दी, तेच ढोल आणि संघाच्या बोधचिन्हावरच्या गव्याचे तेच झेंडे! मे २०२५ मध्ये याच संघाने भुवनेश्वरला जमशेदपूरचा ३-० असा पराभव करून सुपर कप जिंकला. त्या दिवशी ‘आमी जिखले’ असे म्हणण्याचा खरा हक्क कोणाचा होता? जे हरल्याच्या रात्रीही ‘आमी हारले’ असेच म्हणाले होते, त्यांचा.

विद्यार्थिमित्रांनो, लवकरच आपल्या शाळेचा संघ तालुक्याच्या सामन्यांना जाईल. कदाचित जिंकेल, कदाचित हरेल. हरला, तर परतीच्या बसमध्ये गोल सांभाळणाऱ्या मुलाशेजारची जागा रिकामी राहू देऊ नका. त्याच्याशी काही बोललेच पाहिजे असे नाही. नुसते शेजारी बसा, म्हणजे झाले.