सर, तुम्ही मराठी छान बोलता

पाऊस ओसरला की ऑक्टोबरात मला फोन येतो. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात शाळांच्या सहली सुरू होतात आणि मुलांना रानातून फिरवून आणायला माणसं लागतात. मार्चमध्ये परीक्षा तोंडावर आल्या की काम संपतं. पैसे रोजावर, सहल रद्द झाली तर तेही नाहीत. ओळखपत्रावर मात्र 'निसर्ग मार्गदर्शक' असं भारदस्त छापलेलं असतं. अब्बांचा दरवर्षीचा प्रश्न ठरलेला आहे: पक्षी दाखवायचे पैसे मिळतात हे ठीक, पण उरलेले सहा महिने खायचं काय?

मी त्यांना सलीम अलींचं उदाहरण देतो. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात त्यांना नोकरी मिळाली, ती लोकांना प्राणी-पक्ष्यांचं दालन समजावून सांगायची. म्हणजे माझीच. पगार महिना ३५० रुपये. पुढे ते रजा घेऊन जर्मनीला शिकायला गेले आणि १९३० मध्ये परत आले, तर पैसे नाहीत म्हणून जागाच रद्द झालेली. मग ते अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले आणि तिथे सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीकडे बघत बसले. त्या बघण्यातून पुढे शास्त्रज्ञांनी दखल घ्यावी असं काम उभं राहिलं. अब्बा म्हणतात, "त्यांना जायला किहीम होतं. तुला?" आपलं गावही रायगडातच आहे, असं मी म्हणतो. विषय तिथे संपतो.

एका गटात तीसेक मुलं, वेळ दोन तास. पहिला अर्धा तास बिबट्याच खातो. शंभर चौरस किलोमीटरहून थोडं मोठं हे रान, चारी बाजूंनी शहर आणि आत बिबटे, हे मुलांना टीव्हीमुळे पाठ असतं. दिसला तर पळायचं नाही, खाली बसायचं नाही, एवढं मी आधी सांगून टाकतो. मग कचऱ्यावर येतो. कचरा साठला की कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. उद्यानाच्या भिंतीला लागून राहणाऱ्या पोरांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. इमारतींतल्या पोरांना ते नवीन असतं.

माझ्या पिशवीत वाऱ्याने पडलेला सुगरणीचा एक जुना खोपा असतो. तो हातोहात फिरवला की गोंगाट आपोआप थांबतो. बहिणाबाईंच्या कवितेमुळे मराठी शाळेतल्या प्रत्येकाला वाटतं की हा मादीने विणला. विणतो नर. अर्धा झाला की मादी येऊन तपासते, पसंत पडला तर तो पुरा करतो आणि लगेच दुसरीसाठी दुसरा खोपा सुरू करतो. ही किहीमची गोष्ट सांगताना एखाद्या बाई माझ्या दाढीकडे बघून ओठ दाबून हसतात. हसू देत. नराचं कसब मात्र मुलांच्या लक्षात राहतं.

निघताना याच बाई म्हणतात, "सर, तुम्ही मराठी छान बोलता हं." वाचकांपैकी अनेकांनी हे ऐकलं असेल. मी म्हणतो, "तुम्हीपण." काही जणी हसतात, काही गाडीत बसेपर्यंत गप्प असतात.

पण या कामातले खरे दिवस वेगळे. जानेवारीत मालवणीकडच्या एका उर्दू शाळेची सातवी आली होती. ओळखपत्र वाचून एकाने हळूच विचारलं, "सर, आप अपने वाले हो?" हो म्हटल्यावर गट एकदम माझ्या अंगावर आला. सागाचं गळून पडलेलं कोवळं पान तळहातावर चोळायला दिलं, तर लाल रंग बघून मुली ओरडल्या, "मेहंदी!" ऐनाच्या खोडाला हात लावून एक जण म्हणाला, मगरीची पाठ आहे. पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्या दाखवल्या, तेव्हा एकाने दुसऱ्याचा उचललेला पाय धरला आणि त्याला हजरत सुलेमान आणि मुंगीची गोष्ट सुनावली. मला काही सांगावंच लागलं नाही. खोपा बघून एक मुलगा म्हणाला, "हमारे गाँव में इसको बया बोलते हैं." मी म्हटलं, इथे सुगरण म्हणतात, म्हण बघू.

तलावाच्या बाजूला डबे खाताना त्यानेच विचारलं, "इधर हम लोगों को नौकरी पे रखते हैं क्या?"

'हम लोगों को'. बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडी हे इतकं सहज आलं की मला घास गिळायला वेळ लागला. मी त्याला वनरक्षकाच्या भरतीचं सांगितलं. बारावी पाहिजे, त्यात विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांतला एक तरी विषय. धावायला लागतं. आणि मराठी लिहिता, वाचता, बोलता आलं पाहिजे. धावण्यापर्यंत सगळे खूश होते. मराठी म्हटल्यावर चेहरे पडले.

मग मी त्यांना सकाळपासून शिकलेली नावं म्हणायला लावली. साग, ऐन, पळस, काटेसावर, करवंद, कारवी, सुगरण, शेकरू, हरियाल. एकही चुकलं नाही. 'ळ' ला अडखळले, पण 'पळस' तीनदा म्हणून घेतला. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते, इथे २०२४ ला फुलली, आता २०३२, हे सांगितल्यावर त्या मुलाने बोटांवर हिशोब केला. तोवर त्याची बारावी झालेली असेल.

गाडी सुटताना त्यांच्या मॅडमनी पुढच्या वर्षी मलाच मागायचं ठरवलं आणि माझा नंबर मागितला. मी ऑफिसचा दिला. ऑक्टोबरच्या यादीत माझं नाव असेल की नाही, ते तिथेच कळतं.