चारशे रुपयांचा चेंडू

एक कबुली देऊन टाकते. मी गोल्फ खेळते. (हो, फ्रीलान्सर असूनही!) एका फीचरसाठी खारघरच्या व्हॅली गोल्फ कोर्सवर गेले होते. कुणीतरी हातात क्लब दिला, चेंडू नीट लागल्यावर जो 'टक्' आवाज आला, त्यावर मी फिदा. दोन वर्षांत हँडिकॅप ३६वरून २४वर आला आणि डोक्यात किडा वळवळला : आता चेंडूही प्रो लोकांचाच हवा!

दुकानात गेलात तर चक्रावून जाल. नियम सगळ्यांना सारखेच. वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको, व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको. खरी गंमत आत असते. टू-पीसमध्ये रबराचा गोळा आणि वर बहुधा आयोनोमरचं चिवट आवरण. तो कमी फिरतो, जास्त टिकतो. महागड्या चेंडूंत आणखी थर आणि वर युरेथेनचं मऊ आवरण. ग्रीनजवळ वेजने नीट मारला, की तो गरागरा फिरतो आणि पडल्यावर पटकन थांबतो. टायटलिस्टचा प्रो व्ही वन २०००मध्ये आला, तेव्हा प्रो मंडळींनी दोरा गुंडाळलेले जुने चेंडू भराभर सोडले. मला एक चेंडू चारशेच्या वर पडला. तरी अख्खा डझन घेतला. क्रेडिट कार्ड जिंदाबाद!

दिवाळीत ते घेऊन गावी गेले. आमचं गाव जव्हारहून मोखाड्याला जाताना लागतं. भातकापणी झालेली, खाचरं मोकळी. चिपिंगला याहून झकास जागा कुठली? दोन शॉट चुकले आणि चेंडू करवंदीच्या जाळीत. शेजारचा नववीतला मुलगा आत घुसला. अर्ध्या तासाने ओरबाडलेल्या हातात एक चेंडू घेऊन बाहेर आला.

"ताई, केवढ्याला मिळतो गं हा?"

"वीस रुपये," मी म्हणाले.

त्याची आई रोजगार हमीच्या कामावर जायची. २०२४-२५मध्ये महाराष्ट्रात त्या कामाची दिवसाची मजुरी २९७ रुपये होती. खरं सांगायला माझी जीभच रेटली नाही.

रात्री बाबांना सांगितलं. बाबा रिटायर्ड गुरुजी, आता नागली लावतात. त्यांनी लेक्चर दिलं नाही. फक्त विचारलं, "रोज हाच चेंडू वापरतेस?"

"छे! प्रॅक्टिसला स्वस्तातला, मॅचला हा, मधेच सापडलेला कुठलाही."

"अगं, एकाच वाफ्यात तीन जातींचं बी टाकलंस आणि पीक फसलं, तर चूक बियाण्याची की तुझी, कळणार कसं?"

बोलती बंद!

परत आल्यावर तीन प्रकारचे चेंडू घेतले आणि उलटी परीक्षा घेतली. आधी पटिंग, मग चिप, मग पन्नास यार्ड, ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. कारण प्रत्येक होलवर सगळ्यात जास्त शॉट ग्रीनच्या आसपासच जातात. निकाल? महागडा चेंडू दहातल्या दोन चिपना छान थांबला. उरलेल्या आठ मी कुठल्याही चेंडूने घालवल्या असत्या. ड्रायव्हरने तर अंतरात फारसा फरकच दिसला नाही.

म्हणून मधल्या किमतीचा, हाताला मऊ वाटणारा एक टू-पीस निवडला आणि वर्षभर तोच खेळले. आता चिप चुकली, की चूक माझी, हे कळतं. हँडिकॅप २१ झालाय. तुम्हीही शिकत असाल तर माझा फंडा साधा आहे : हरवला तरी पोटात कळ येणार नाही असा चेंडू घ्या आणि तोच धरून ठेवा. दहातल्या सहा-सात चिप नीट लागायला लागल्या, की मग युरेथेनचा विचार करा.

पुढच्या दिवाळीत त्या मुलाला गाठून खरी किंमत सांगितली. तो हसला.

"माहितीये ताई. त्याच दिवशी मोबाइलवर बघितली होती." मग घरात जाऊन आला आणि मूठ उघडली. "हा घे दुसरा. तू गेल्यावर सापडला."