आडत्याची वही आणि कोर्टाचे समन्स

सोयाबीन विकले की शेतकरी मोकळा झाला, असे आपण म्हणतो. पण तो पेरणीलाच आडत्याच्या गादीवर बांधला गेलेला असतो. बी-बियाण्यासाठी उचल घेतलेली, कोऱ्या चेकवर सही केलेली, रेव्हेन्यू स्टॅम्पवर अंगठा दिलेला. माल आला की पट्टीतून उचल कापली जाते. किती फिटली, हे फक्त वहीला ठाऊक. दोन हंगाम बुडाले की समन्स दारात येते.

नोकरी सांभाळून आम्ही वस्तीतले असे कागद वाचून देतो. बऱ्याच घरांत समन्स आढ्याला खोचलेले असते. "वहीत लिहिलंय, आता काय बोलायचं?" असे म्हातारी माणसे म्हणतात. इथेच घात होतो! हजर न राहिल्यास दावा एकतर्फी चालतो आणि हुकूमनामा होतो.

बंधू-भगिनींनो, वही म्हणजे अंतिम शब्द नव्हे. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ३४ जे सांगत होते, तेच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २८ सांगते. नियमित ठेवलेल्या हिशोबवहीतील नोंद पुराव्यात येते. मात्र केवळ तिच्यावर कोणाच्या माथी देणे मारता येत नाही. १९९८ साली हवाला डायरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम लावले. बी.कॉम.ला आम्हीही हेच शिकलो: नोंदीमागे व्हाउचर हवे.

चेकचे तसे नाही. सही आपली ठरली की देणे होते, असे न्यायालय गृहीत धरते; ते खोडून काढणे आपल्यावर येते. म्हणून कोरा चेक देऊच नये.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार, कर्ज देताना परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूने न्यायालय हुकूमनामा करू शकत नाही. आपली उचल या कायद्यात बसते का, हे वकिलाला विचारावे. वकिलाला पैसे नाहीत? १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातींना आणि सर्व स्त्रियांना, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

खरे देणे फेडलेच पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. पण फेडलेल्या प्रत्येक रुपयाची सहीची पावती घ्या, प्रत्येक पट्टी जपून ठेवा आणि समन्सच्या तारखेला हजर राहा. गप्प बसलेल्या माणसाची बाजू कोर्टाला दिसत नाही.