मोहर, मजकूर आणि पाकीट

बिदरच्या नौबादहून उदगीरला आलेल्या एका पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता तीन लिप्यांत होता: देवनागरी, कन्नड, उर्दू. छापखान्याचं काम नव्हतं ते, घरच्या इंकजेटचं होतं. वाटेत कुणाचं तरी ओलं बोट 'बिदर'वरून फिरलं होतं आणि निळा 'द' पार फरफटत पुढच्या अक्षरावर गेला होता.

तीन लिप्यांचं तिथे कुणाला नवल नाही. 1956पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर बिदर जिल्ह्यातच होते. भाषावार राज्यं झाली, जिल्हा फाटला, सोयरिकी तशाच राहिल्या. 15 ऑगस्ट 1972ला पिन कोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी गृहस्थ, शिवाय संस्कृत कवी. त्यांच्या हिशेबात उदगीर 4ने सुरू होतं, बिदर 5ने. माहेर चारात, सासर पाचात.

घरी पाकीट छापायचं तर पहिली खोडी मापाची. प्रिंटरच्या यादीत डीएल असतं, 110 बाय 220 मिलिमीटर. तिघडी केलेला ए-फोर त्यात नेमका बसतो. दुकानदार मात्र 'नऊ बाय चार' नाहीतर 'दहा बाय साडेचार' काढून देतो, इंचांत. मग माप हाताने भरा, साध्या कागदावर एकदा काढून बघा. पाकिटाच्या पोटात हवा असते, जोडाशी कागद दुहेरी-तिहेरी. हेड तिथे घासतं आणि ओळीला काजळी लागते. आधी पट्टीने दाबून घेतलेलं बरं. पुष्कळ प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची असते, रंगीत डायची, आणि डाय पाण्याला टिकत नाही. म्हणून पत्ता काळ्यात, हौस रंगात. रुपया चिकटवलेलं आहेराचं पाकीट तर चुकूनही आत सारू नये.

छापायचं तर फॉन्टही लागतो. विंडोजचा जुना कन्नड फॉन्ट तुंगा, तेलुगूचा गौतमी. दोघांना नद्या मिळाल्या. देवनागरीला मिळाला मंगल, दिसायला अगदीच सरकारी.

खरं तर छापावं ते पाठवणाऱ्याचं नाव. घेणाऱ्याचं हातानेच लिहावं. पण छापील नावाने कागदाला वजन येतं, आणि त्या वजनाने काय होतं ते बिदरने पाहिलेलं आहे. महमूद गवान इराणातल्या गिलानचा; व्यापारी म्हणून आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. 1472चा त्याचा मदरसा, एका मिनारासह, अजून शहरात उभा आहे. गृहस्थाला पत्रांचा भारी नाद. पत्र कसं लिहावं यावर त्याने 'मनाझिर-उल-इन्शा' हा ग्रंथच लिहिला. त्याची स्वतःची पत्रं 'रियाज-उल-इन्शा'त आहेत. पार हेरातच्या जामी कवीशी त्याचा पत्रव्यवहार होता. अशा माणसाचा घात पत्रानेच व्हावा! दुस्वासी सरदारांनी त्याच्या शिक्केदाराला फितवलं, कोऱ्या कागदावर वजिराची मोहर उठवून घेतली आणि मग त्यावर ओडिशाच्या राजाला चढाईचं आवतण लिहिलं. कागद दारू प्यालेल्या सुलतानापुढे गेला. मोहर आपली, मजकूर आपला नव्हे, असं सत्तरीचा वजीर सांगत राहिला. एप्रिल 1481मध्ये त्याचं डोकं उडवलं. लबाडी उघडी पडली ती नंतर. पुढच्याच वर्षी सुलतान गेला आणि बघता बघता राज्याच्या पाच चिरफळ्या झाल्या.

बिदरच्या बादशहापुढे आलेला दुसरा कागद मराठी घरांत जास्त ठाऊक. दुष्काळात सरकारी कोठार रयतेला मोकळं करणाऱ्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांना बादशहाने धरून आणायला माणसं धाडली. पंत वाटेत असतानाच विठू महार नावाचा इसम त्यांची चिठ्ठी आणि मोहरांची थैली घेऊन दरबारात हजर झाला, अशी कथा. त्याने धान्याची किंमत चुकती केली, पावती मागून घेतली, आणि ती पंतांना त्यांच्या पोथीत सापडली. आता, ही चिठ्ठीही पंतांच्या नावाची, पण त्यांनी लिहिलेली नव्हेच. सोबत रोख रक्कम होती, म्हणून कारकुनाने अक्षर ताडून पाहिलं नसावं.